शुगर ७.९ निघाली: आधी ताट बदलायचं की गोळी घ्यायची?

प्रश्न थोडक्यात असा. वय ४६, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत सुपरवायझर, शिफ्ट ड्युटी. उंची पाच फूट सहा इंच, वजन ८४ किलो, कंबर ४० इंच. कंपनीच्या वार्षिक तपासणीत उपाशीपोटी शुगर १५२, जेवणानंतर २३८ आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ७.९. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी लिहून दिली, पण चिठ्ठी अजून खिशातच आहे. वडिलांना आधी गोळी लागली, मग इन्सुलिन, मग पायाचं बोट काढावं लागलं, आणि तेव्हापासून घरात एकच वाक्य ऐकू येतं: ‘गोळी एकदा चालू केली की सुटत नाही.’ म्हणून साखरेच्या जागी गूळ आणि चपातीच्या जागी ज्वारीची भाकरी सुरू केली आहे. एवढ्यावर भागेल का?

एवढ्यावर भागणार नाही. तुमच्या जागी मी असते तर आज रात्रीच्या जेवणाबरोबर मेटफॉर्मिन सुरू केली असती आणि उद्या सकाळपासून ताटही बदललं असतं. तुम्हाला तहान-तहान होत नाही, रात्री चार-चारदा लघवीला उठावं लागत नाही, वजन आपोआप उतरलेलं नाही. त्यामुळे ‘तीन महिने गोळीशिवाय बघतो’ असा हट्टच असेल तर मी अडवणार नाही. पण तारीख आजच कॅलेंडरवर लिहायची आणि त्या दिवशी आकडा ७ च्या वर आला तर वाद न घालता गोळी सुरू करायची. ही सवलत ७.९ ला मिळते. एचबीएवनसी १० असणाऱ्याला, किंवा आकडा काहीही असो पण वजन झपाट्याने उतरत असणाऱ्याला मी ती देत नाही. तिथे कधी कधी सुरुवातच इन्सुलिनने करावी लागते.

वडिलांची गोष्ट तुमच्या मनातून गेल्याशिवाय पुढचं काही पटणार नाही, म्हणून आधी तिच्याबद्दल. गोळी, इन्सुलिन, बोट हा क्रम बऱ्याच घरांत दिसतो, आणि शेजारीपाजारी तो सांगताना गोळीवरच खापर फुटतं. प्रत्यक्षात पुढे सरकत असतो तो आजार. ब्रिटनमध्ये १९७७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला, यूकेपीडीएस नावाचा, त्याचे मुख्य निष्कर्ष १९९८ मध्ये आले. त्यातून दिसलं की टाइप टू डायबेटिस कळतो तोवर स्वादुपिंडाची इन्सुलिन तयार करण्याची ताकद साधारण निम्मी उरलेली असते. शुगर बरीच वर्षं आतल्या आत वाढत असते, पत्ता लागत नाही.

त्याच अभ्यासात एका गटाची एचबीएवनसी दहा वर्षं सरासरी ७.० च्या आसपास ठेवली गेली, दुसऱ्या गटाची ७.९ राहिली. तुमचा आकडा बघा. सात असलेल्यांत डोळे, किडनी अशा बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान सुमारे एक चतुर्थांशाने कमी झालं. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांच्या शुगरमधला फरक मिटला, तरी २००८ च्या पाहणीत सुरुवातीला सांभाळलेल्यांचा फायदा टिकून होता. म्हणजे पहिली काही वर्षं सांभाळली तर त्याचं फळ पुढे मिळत राहतं. तुम्ही आत्ता त्या पहिल्या वर्षांत आहात, म्हणून मी घाई करते आहे.

गोळी सुटत नाही हेही पूर्ण खरं नाही. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्याच डायरेक्ट नावाच्या अभ्यासाचे पहिल्या वर्षाचे निकाल आले. डायबेटिस होऊन सहा वर्षांच्या आतले, इन्सुलिनवर नसलेले, वजनदार लोक त्यात घेतले होते. तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींचा पातळ आहार, मग हळूहळू नेहमीचं जेवण. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांची शुगर औषधाविना डायबेटिसच्या रेषेखाली होती. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलं त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के. दुसऱ्या वर्षी एकूण प्रमाण ३६ वर आलं आणि पाच वर्षांनी आणखी बरंच घसरलं, कारण वजन परत चढलं. म्हणून मी ‘बरा झाला’ असं कधी म्हणत नाही, ‘शांत आहे’ म्हणते. असा ८५० कॅलरींचा प्रयोग घरी मनाने करायचा नाही, विशेषतः शुगरच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर. पण तुम्ही ८४ वरून ७२-७३ किलोपर्यंत आलात तर मेटफॉर्मिन थांबवून बघायचा विषय मी स्वतःच काढेन.

आता ताट. तुम्ही लिहिलंय की आधी डब्यात चार चपात्या, भाजी, आमटी-भात, आणि रात्री दोन भाकऱ्या, परत भात. आपल्याकडची घडीची चपाती साधारण ४० ग्रॅम कणकेची असते, तिच्यात २५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. चार झाल्या की शंभर. शिजलेल्या भाताच्या वाटीत २८-३०. म्हणजे दुपारच्या एका डब्यात दीड वाटी भात धरला तर १४० ग्रॅमच्या घरात, आणि प्रथिनं त्या मानाने नावाला. आमटी पातळ, भाजी एक पळी.

मग वहिनींनी चपातीची भाकरी केली. ज्वारी चांगलीच, जाडसर पिठाची भाकरी सावकाश पचते, पोटही भरतं. पण शंभर ग्रॅम कणकेत साधारण ६४ ग्रॅम कर्बोदकं, शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात ६७-६८, नाचणीत जवळपास तेवढीच. भाकरी चपातीपेक्षा मोठी असते. ७०-८० ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे दोन चपात्याच. दोन चपात्यांच्या जागी दोन भाकऱ्या खाणारा माणूस मनाने पथ्य करतो आणि पिठाने दुप्पट खातो. मी हे रोज बघते. रिपोर्ट हातात घेऊन लोक विचारतात, ‘डॉक्टर, चपाती बंद करून सहा महिने झाले, तरी शुगर का वाढली?’ किती भाकऱ्या, असं विचारलं की उत्तर सावकाश येतं.

तुमच्यासाठी: एका जेवणाला दोन चपात्या किंवा एक भाकरी, भात त्या वेळेला नाही. भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नसेल तर एक चपाती आणि एक वाटी भात. मोकळी झालेली जागा उसळीने भरायची, आणि ती वाटीभर घट्ट, नुसता कट नव्हे. मटकी, मूग, चवळी, आख्खा मसूर, आणि हुलगे म्हणजे कुळीथ. हुलग्याचं माडगं आणि पिठलं आपल्या आज्यांनी केलं, आपण गरिबीचं म्हणून सोडलं. हुलग्यात शंभर ग्रॅमला वीस ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. पोकळा, मेथी, चाकवत, दोडका, घेवडा, काकडी-मुळ्याची कोशिंबीर मोजायची गरज नाही. जेवायला बसल्यावर आधी कोशिंबीर आणि उसळ-भाजी निम्मी संपवायची, मग चपातीला हात लावायचा. तेच अन्न या क्रमाने खाल्लं तर जेवणानंतरची शुगर कमी चढते, हे तपासून झालेलं आहे आणि याला पैसे पडत नाहीत.

गुळाबद्दल कोल्हापुरात बोलायचं म्हणजे जिवावरचं काम. आपल्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याची चव मलाही प्रिय आहे. पण शुगरच्या दृष्टीने गूळ म्हणजे साखरच, थोडी खनिजं आणि रंग जास्त. सेंद्रिय असो, काकवी असो, रक्तात जाऊन ग्लुकोजच होतो. उलट गुळाची गोडी कमी लागते म्हणून लोक चमचा भरून घालतात. दिवसाला पाच चहा आणि प्रत्येकात दहा ग्रॅम गूळ धरला तर चाळीस ग्रॅमच्या वर साखर चहातूनच जाते. चहा दोनवर आणा, बिनसाखरेचा. पहिले आठ-दहा दिवस तोंड वाकडं होईल, मग सवय होते. सोबतची खारी आणि बटर हे मैदा आणि वनस्पती तूप आहे, त्यावर जास्त बोलत नाही.

मिसळ बंद करायची का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण प्रत्येकाच्या मनात असतो. मिसळीतली मटकी तुमच्या बाजूची आहे. अडचण करतात त्या ब्रेडच्या स्लाइस, वरचं फरसाण आणि तर्रीतलं तेल. एका स्लाइसमध्ये १२ ते १५ ग्रॅम कर्बोदकं, आणि कटाबरोबर चार कधी संपतात कळत नाही. महिन्यातून एक-दोनदा खा: मटकी जास्त, फरसाण चिमूटभर, बटाटा बाजूला, स्लाइस एक. तांबडा-पांढरा रस्साही लोक उगीच बदनाम करतात. मटणाने शुगर फारशी चढत नाही, पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध आणि मटणाचं अळणी पाणी असतं. त्याच्याबरोबर जाणाऱ्या तीन भाकऱ्या आणि वर ओतून खाल्लेला भात शुगर चढवतो. मटणाची चरबी आणि मीठ हा हृदयाचा आणि बीपीचा हिशोब आहे, तो वेगळा मांडायचा. रविवारी सुकं मटण चार-पाच फोडी, रस्सा एक वाटी, भाकरी एक, कांदा-काकडी भरपूर. दूध-कट्ट्यावर समोर पिळून मिळणारं म्हशीचं ताजं दूध पेलाभर म्हणजे अडीचशेच्या वर कॅलरी. तालमीत घाम गाळणाऱ्या पोराला ते शोभतं, तुम्हाला आत्ता ताक पुरे.

आणि उपवास. शाबूची खिचडी म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च. नवरात्रात नऊ दिवस धरणाऱ्यांची शुगर दसऱ्यानंतर कशी दिसते ते मला दरवर्षी कळतं. उपवास करायचाच तर दूध, ताक, शेंगदाणे, काकडी आणि थोडी वरी यांवर करा, आणि गोळ्या चालू असतील तर आधी विचारून.

माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका, ग्लुकोमीटर घ्या. रोज टोचायचं नाही. आठवड्यातले दोन दिवस निवडायचे, जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी एकदा. उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत, हे साधारण लक्ष्य. त्याहून उपयोगी असतो तो आधीच्या आणि नंतरच्या आकड्यातला फरक. ५०-६० च्या वर गेला तर ते ताट तुम्हाला जड आहे. एक दिवस भाकऱ्यांवर करा, एक दिवस उसळीच्या ताटावर, एक दिवस भडंगावर. वहीत समोरासमोर लिहिलेले ते आकडे घरच्यांना कुठल्याही तक्त्यापेक्षा लवकर पटतात. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललात तर फरक किती उतरतो तेही बघा. त्यासाठी रंकाळ्यापर्यंत जायला नको, कंपनीच्या आवारात शेडला दोन फेऱ्या चालतात.

आता मेटफॉर्मिन. ती प्रामुख्याने यकृतातून रक्तात सुटणारी जादा साखर आवरते. एकटी घेतली तर शुगर धोकादायक खाली नेत नाही, वजन वाढवत नाही, स्वस्त आहे, आणि १९५७ पासून माणसांत वापरली जाते. एवढी पारखलेली औषधं थोडी. त्रास होतो तो पोटाचा: मळमळ, ढाळ, गुबारा. म्हणून ५०० ची एक गोळी, सावकाश सुटणारी, दिवसातल्या मोठ्या जेवणाबरोबर सुरू करायची, दोन आठवड्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने वाढवायची. रिकाम्या पोटी घेऊन ‘मला सोसत नाही’ म्हणणारे निम्मे लोक जेवणाबरोबर नीट घेतात. शिफ्ट बदलली तर घड्याळ बघू नका, मोठं जेवण बघा. जुलाब-उलट्या लागल्या, अंगातलं पाणी कमी झालं, तर ती थांबवून फोन करा. सीटी स्कॅनसाठी डाय द्यायचा असेल तर गोळी चालू असल्याचं आधी सांगा. काही वर्षांनी बी-ट्वेल्व्ह कमी होऊ शकतं, शाकाहाऱ्यांत जास्त, म्हणून ते अधूनमधून तपासायचं. किडनी खराब होते ती या गोळीने, असा समज पक्का आहे. खरं असं की किडनी आधीच बरीच कमजोर असेल तर ही गोळी देत नाहीत. सुरू करण्यापूर्वी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम सांगणारा आकडा, त्यासाठीच बघायचं असतं.

तीन महिन्यांनी पुरली नाही तर दुसरं औषध येईल, आणि इथे तुमचं काम महत्त्वाचं ठरतं. ग्लिमेपिराइड स्वस्त आहे, जोरात काम करते, पण जेवण चुकलं की शुगर खाली पाडते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. वितळलेलं लोखंड ओतायच्या लॅडलपाशी उभ्या असलेल्या माणसाला, त्यातून रात्रपाळीत, मी ती सहज देणार नाही. डापाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर बाहेर टाकते, हृदय आणि किडनी दोन्हीला फायद्याची आहे, आणि पेटंट संपल्यापासून आवाक्यात आली आहे. पण तिच्याबरोबर पाणीही जातं. भट्टीच्या उष्णतेत आठ तास घाम गाळणाऱ्याने ती घ्यायची तर पाण्याचा हिशोब बदलायला हवा, लघवीच्या जागेची स्वच्छता हवी, आणि आजारपणात किंवा कडक उपवासात ती बंद ठेवायला हवी. ग्लिप्टिन गटातल्या गोळ्या सौम्य, शुगर पाडत नाहीत. वजन उतरवणारी इंजेक्शनं आता इथेही मिळतात, परिणाम मोठा, खर्चही मोठा. तुमच्यासाठी तो पुढचा विचार. कुठलंही औषध सुरू होण्याआधी ‘मी फर्नेसवर काम करतो आणि शिफ्ट बदलते’ हे वाक्य डॉक्टरांना सांगा. गर्दीत विचारायचं राहून जातं.

कारलं, मेथ्या, जांभळाच्या बियांची पूड यांना माझा विरोध नाही. मेथ्यांचा थोडा उपयोग होतोही. पण लेबल नसलेल्या पुड्या घेऊ नका. ‘जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत अ‍ॅलोपॅथीच्या शुगरच्या गोळ्याच कुटून घातलेल्या सापडल्या आहेत, आणि गुडघेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉइड, जे शुगर वाढवतं. घरात कुणाची अशी पुडी चालू असेल तर पुढच्या वेळी घेऊन या.

शुगरच्या नादात बाकीचं राहतं, म्हणून सांगून ठेवते. टाइप टूमध्ये डोळ्यांची तपासणी, बाहुल्या मोठ्या करून पडदा बघायची, निदान झालं त्याच महिन्यात करायची, चष्म्याचा नंबर काढणं वेगळं. लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचं प्रमाण, लिपिड, यकृताच्या तपासण्या, ईसीजी, हिमोग्लोबिन. हिमोग्लोबिन यासाठीही की लोह कमी असेल तर एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते. बीपी १३०/८० च्या आत. चाळिशीनंतर डायबेटिस असेल तर कोलेस्टेरॉलची गोळी बहुतेकांना लागते. तिलाही ‘एक गोळी टाळली’ म्हणून नाकारू नका, कारण डायबेटिसमध्ये जीव जातो तो बऱ्याचदा हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने. तंबाखू असेल तर ती आजच, या सगळ्याच्या आधी.

पायांसाठी तुम्ही स्वतः करायचं काम रोजचं आहे. सेफ्टी शूज आठ तास पायांत, आत घाम, वाळूचा कण. घरी आल्यावर मोजे काढून उजेडात तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या, नाही दिसलं तर आरसा खाली ठेवायचा. मोजे रोज धुतलेले. चटका बसला, फोड आला, आणि दुखत नसेल तर जास्त काळजी करायची, कारण न दुखणं म्हणजे नस बधिर झाल्याची खूण असू शकते.

पहिल्या तीन महिन्यांत पाच-सहा किलो उतरले आणि एचबीएवनसी ७ च्या खाली आली तर मेटफॉर्मिन आहे तीच चालू ठेवू. वर्षभरात वजन ७३ च्या आसपास आणि एचबीएवनसी दोनदा ६.५ च्या खाली राहिली तर ती थांबवू, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, आणि नंतर गोळी नसली तरी वर्षातून दोनदा तपासत राहू. पुढच्या भेटीला वही, मीटर आणि वडिलांचे जुने कागद घेऊन या. त्यांना डायबेटिस कोणत्या वयात कळला आणि त्या दिवशी शुगर किती होती, ते मला बघायचं आहे. जमलं तर वहिनींनाही सोबत आणा.